गुडीला हरकत नाही

आमच्या घरात देव नाही. माहेरून आणलेले देवाचे टाक मी लग्न होऊन आले त्या दिवशी पत्र्याच्या पेटीत ठेवले, ते तिथेच राहिले. माझे यजमान नागोराव किराणा दुकानात बसून मीठ-मिरची विकायचे आणि गिऱ्हाईक जरा टेकलं की विचारायचे, "देव कुटं पायला तुमी?" ते बिचारं पावशेर गूळ न्यायला आलेलं. ते काय सांगणार?

यांना खरा जोड मिळाला तो माझ्याच माहेरचा. तेलगू मुलखातल्या गुडीहत्नूरजवळच्या आमच्या खेड्यात वेशीच्या अलीकडे माझं सासर आणि पलीकडे माहेर. माझा थोरला भाऊ अमृतदादा वांगी-टमाटे पिकवायचा आणि रोज संध्याकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून दुकानाच्या फळीवर येऊन बसायचा. मग दोघांची जुंपायची. एक म्हणे आहे, दुसरा म्हणे नाही. देव असो की नसो, दोघांना चहा मलाच करावा लागे.

तालुके मोडून लहान लहान मंडलं होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या साली पाडव्याच्या तोंडावर भांडण दुकानाबाहेर गेलं. दादानं ठरवलं, यंदा साऱ्या गावाची एकच गुढी, शाळेशेजारच्या मोकळ्या जागेवर. यांनी ठरवलं, सरकारी शाळेच्या जागेवर देवाधर्माची काठी उभी राहू द्यायची नाही.

त्या जागेवर सहावी-सातवीची खोली होणार होती. आमच्या शाळेचे मोठे मास्तर दौलत गुरुजी, त्यांनी हेलपाटे घालून ती मंजूर करून आणली होती. गावची शाळा पाचवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर हमरस्त्यानं, ट्रकांच्या कडेकडेनं गुडीहत्नूरला चालत जायचं. पोरं जात. पोरींना कोण पाठवतो? माझी तुळजा पाचवीत होती आणि वर्गात पहिली होती. त्या खोलीवर माझा जीव टांगला होता.

म्हणून मीच यांच्या मागे लागले. "एका दिवसाची तं गुडी. उभारू द्या. गाव नाराज झालं तं खोलीच्या कामाले हात कोन लावन?" हे चिडले, जेवले नाहीत. मग म्हणाले, "तुह्यासाठी. देवासाठी नाई."

तोवर तक्रार वर गेलीच होती, तंटा मिटवायला मंडलाचे महसूल अधिकारी, एमआरओ साहेब आले. साहेब थेट समुद्राकडचे, मराठीचा गंध नाही. दादानं आपल्या भाजीबाजारातल्या तेलगूत गाऱ्हाणं मांडलं, की आम्हाला इथं गुडी बांधायचीय आणि हा माणूस आडवा येतो. आमच्याकडे जीभ 'ढ'पर्यंत पोचत नाही, गुढीची गुडी होते. काठीला लुगडं बांधतात, म्हणून गुडी बांधायची. साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. "गुडी कडतारट. मीकु अभ्यंतरमा?" बांधणार म्हणे, तुमची हरकत आहे का? एवढ्या लोकांत मोठेपणा दाखवायची संधी, तीही तेलगूतून. हे छाती काढून उठले. "अभ्यंतरम् लेदु. कट्टनिव्वंडि." हरकत नाही, बांधू द्या.

तेलगूत गुडी म्हणजे देऊळ.

यांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म गुडीहत्नूरच्या बाजारात गेला, गावाच्या पाटीवरच गुडी लिहिलेली. पण कितीतरी दिवस गावात एकच गुडी गाजत होती, कानात दुसरी शिरायला जागाच नव्हती. दादालाही तेव्हा कळलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला गुढीच हवी होती. पाडवा झाला, गुढी चढली, उतरली, गाठ्या पोरांनी खाल्ल्या. मग एक दिवस दौलत गुरुजी उतरल्या चेहऱ्यानं दुकानात आले. साहेबांनी जागा देवळाला लिहून दिली होती, आणि जागा नाही म्हणून खोली दुसऱ्या गावाला चालली होती.

हे तडक साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तुम्ही भर गावात बोललात, आता मी थांबवलं तर गाव माझ्यावर उठेल. तुमचा शब्द तुम्हीच गावासमोर परत घ्या. गावानं मानलं तर जागा शाळेची.

सभा भरली. यांनी हात जोडले. लग्नापासून मी यांना हात जोडताना पाहिलं नव्हतं. "माह्या तोंडून चूक झाली. मी काठीची गुडी म्हनलो, देऊळ नाई म्हनलो. आपल्या पोरी कुटं शिकतीन?" लोक हसले, पण त्यात विखार नव्हता. काही माना हललेल्या मी पाहिल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दादा उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं असतं तर मी त्याला तिथेच धुतलं असतं, पण ते खरं होतं.

"जवाईबापू, लहानपनी तुमाले पाटी धरायले बासरले नेलतं ना?"

"नेलतं. बापानं नेलतं."

"सरस्वतीपुढं पयलं अक्षर गिरवलं. मंग तवापासून तुमच्या जिभेवर कोन बसून हाय? आमी मागतली काठी, आन् तुमच्या तोंडून निगालं देऊळ. आमच्यातला कोनी बोलला असता तं मी मानलं नसतं. जो जल्मभर नाई नाई म्हनते, त्याच्या तोंडून निगालं."

"अमृतराव, चूक होती ते."

"चूकच होती. पन करवली कोनं?"

हे बोलत राहिले, आणि जितकं बोलले तितकं देऊळ उंच होत गेलं. भाषेची गफलत समजावली, तर लोक म्हणाले, भाषा तिचीच की. रागानं देव नाहीच म्हणाले, तर म्हातारे कौतुकानं मान डोलवू लागले, असल्या माणसाकडून करवून घेतलं यातच तिची थोरवी. शेवटी हे दमून खाली बसले. तर लोक म्हणाले, पटलं.

मी पदर खोचून उभी राहिले. "दादा, तुह्या देवीले इचार, तुही भाची सहावीत कुटं बसन?"

दादाचा तुळजावर फार जीव. "देवीच्या पायाशी बसन," तो म्हणाला. यापेक्षा मोठं काही देता येतं असं त्याला खरंच वाटत नव्हतं.

शाळा उघडायच्या आत बासरच्या सरस्वतीचं देऊळ उभं राहिलं. खोली गेली. दौलत गुरुजींनी दुकानात येणं सोडलं. तुळजाला रोज सायकलवर गुडीहत्नूरला सोडायचं म्हणून हे हटून बसले, तर दादा चार माणसं घेऊन दारात आला. म्हणाला, देवीनं जिला जवळ बोलावलं तिला रस्त्यावर काढता? पोरीला काही झालं तर? ते 'तर' ऐकून मीच कच खाल्ली. तुळजाची शाळा सुटली.

दादा आता वाद घालत नाही. येतो, यांना नमस्कार करतो, जातो. बाया साखर घेतात आणि हळूच विचारतात, पोराचं लग्न जमेल का? "मले काय मालूम?" हे म्हणतात. त्या घरी जाऊन त्याचा अर्थ लावतात. यांनी बोलणंच आटवलंय. डाळ संपली असली तरी नुसता रिकामा डबा दाखवतात.

पुजारी फक्त शुक्रवारी येतो. इतर दिवशी पाटी घेऊन आलेल्या लहानग्यांचा हात धरून 'श्री' काढून द्यायला तुळजाला बोलावतात, तिचं अक्षर चांगलं म्हणून. परवा मी तिला जेवायला हाक मारायला गेले होते. परगावची एक बाई लेकराला घेऊन आली होती. तिनं नागोरावांची गोष्ट ऐकलेली. 'श्री' काढून झाल्यावर ती वाकून माझ्या तुळजाच्या पायाला हात लावायला लागली. तुळजानं दचकून पाय मागे घेतला, पण मागे देवीचा चौथरा होता.