गाठमास्तर आणि हिरवी पिन

“पुन्हा गेला!” गाठमास्तर टेबलाखालून ओरडले.

“गेला काय म्हणता, बंद पडला म्हणा,” पलंगावरून त्यांची बायको म्हणाली. “चांगला चालत होता बिचारा. तुम्हीच त्याचं पोट फाडलंत.”

हे मात्र खरं होतं. लेकीने कॉम्प्युटरचे नवे भाग पाठवले होते आणि “बाबा, माणूस बोलवा, स्वतः उघडत बसू नका,” असं फोनवर दहादा बजावलं होतं. पण उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेलेला माणूस घरातला डबा उघडायला दुसऱ्याला बोलावेल तर शपथ! सकाळी त्यांनी नवा मदरबोर्ड बसवला, नवा पॉवर सप्लाय बसवला आणि दोन दुखणी विकत घेतली. कॉम्प्युटर थोडा वेळ चालून पटकन बंद पडायचा. आणि चालायचा तेवढा वेळही तोंडातून ब्र काढायचा नाही.

आवाजाचं दुखणं मोठं होतं. काचबिंदूने बायकोची नजर गेल्यापासून हा कॉम्प्युटरच तिला वर्तमानपत्र आणि पुस्तकं वाचून दाखवत असे. तो मुका झाला तर तिची दुपार जायची कशी?

“लेकीला फोन लावू का?” तिने विचारलं.

“काही नको. संध्याकाळच्या आत हा बोलतो की नाही बघ.”

त्यांनी डब्याला हात लावला. चांगलाच तापला होता. झाकण काढून आत टॉर्च मारला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. एक्स्चेंजमध्ये तारांचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधायचे, दर दोन बोटांवर एक गाठ, अशी त्यांची पद्धत. त्यांनी बांधलेला जुडगा विंचरलेल्या वेणीसारखा दिसायचा. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम तिथे आणून तो दाखवायचे. गाठमास्तर हे नाव तिथेच पडलं, आणि खरं नाव पुढे बायकोही विसरली. जित्याची खोड! इथेही त्यांनी साऱ्या तारा तशाच करकचून बांधल्या होत्या आणि तो देखणा जुडगा नेमका आतल्या छोट्या पंख्यावरून ताणला होता. पंखा अडकला, डबा तापला आणि बंद पडला.

त्यांनी कात्री घेतली. एकेक गाठ कापताना त्यांना खरंच वाईट वाटलं. इतक्या सुबक गाठी आता कुणाला लागत नव्हत्या. तारा सैल बाजूला घेतल्यावर पंखा गरगरू लागला आणि कॉम्प्युटर चालू झाला तो चालूच राहिला.

“झालं!” ते म्हणाले. “आता आवाज.”

आवाज काही येईना. त्यांनी स्क्रीनला नाक लावून आवाजाची पट्टी वर केली, स्पीकरचं बटण दाबून पाहिलं, पिन काढून पुन्हा खोचली. दगडासारखा गप्प. शेवटी बायको उठली, टेबलाच्या कडेला धरून खाली बसली आणि डब्याच्या पाठीवरून बोटं फिरवू लागली.

“स्पीकरची पिन कशात लावलीत?”

“हिरव्यात. हिरवी पिन हिरव्या भोकात, पोरालाही कळतं.”

“हिरवं मधलं असतं. पुसताना मीच तर काढते आणि लावते ना रोज! ही खालच्यात आहे.”

“नव्यात बदललं असेल.”

“मग बघा की नीट.”

त्यांनी टॉर्च जवळ नेला, चष्मा वर केला, खाली केला. तिन्ही भोकं सारखीच मातकट. ज्या माणसाने शेकडो तारांमधून रंगावरून एक तार उचलावी, तोच हा. बायको तेव्हा त्याच एक्स्चेंजमध्ये वरच्या मजल्यावर ऑपरेटर होती. तिची लाइन मेली की ती बाकीच्यांना नकार देऊन यांचीच वाट बघायची, आणि हे जिना चढून यायचे, एक तार निवडायचे आणि तिच्या कानात पुन्हा जग बोलू लागायचं. किती सुखाचे दिवस होते ते!

गाठमास्तरांची बोटं भोकं चाचपताना बायकोच्या बोटांना लागली, तेव्हा तिने विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मला सांगता? माझंही असंच सुरू झालं होतं.”

ते तिथेच फरशीवर बसले. “झाले काही महिने. म्हटलं, तुला कशाला घाबरवा.”

“मी कशाला घाबरू? मला सवय आहे. घाबरला असाल तर तुम्ही.”

“घाबरलोय,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी बायकोसमोर काढला.

तिने त्यांचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. “उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

“कोण कुणाला नेणार?”

“तुम्ही मला न्या, मी तुम्हाला नेते.”

दोघंही हसली. मग तिने खालची पिन उपसली आणि न चाचपडता मधल्या भोकात बसवली. तिने दोन बटणं दाबताच कॉम्प्युटर बोलू लागला, तेही थेट एका कादंबरीच्या अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून. शेवटची चारच प्रकरणं राहिली होती आणि पुढे काय होणार या विचाराने काल तिला धड झोपही लागली नव्हती.

एरवी या वेळी गाठमास्तर आपलं वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसत. ‘यंत्राचं काय ऐकायचं’ असं म्हणत. आज त्यांनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मलाही ऐकायचंय. सुरुवातीपासून लावतेस का?”

मग तिने वाचन थांबवलं आणि पुस्तक पहिल्या पानावर नेलं.