प्रश्नाचा तिसरा भाग

ज्याचं माणूस गेलेलं असतं तो जिना चढत नाही. आमदार परशुराम केणे यांच्या ऑफिसात नऊ वर्षं कारकुनी करून मी एवढं नक्की शिकलो. ऑफिस कल्याणच्या बाजारात, तांदळाच्या घाऊक दुकानाच्या वर. बदलीवाला एका दमात वर येतो. नळजोडणीवाला मधल्या पायरीवर थांबून चेहरा पाडून घेतो. आणि ज्याच्या घरात खरंच काही झालंय तो खाली पोत्यांशी उभा राहतो. कोणीतरी जाऊन त्याला वर आणावं लागतं.

मनुबाई नाखवा अशीच खाली उभी होती. साल अठ्ठ्याऐंशी, फेब्रुवारी संपत आलेला. मी जाऊन तिला वर आणलं.

तिचा नवरा दामाजी आगरबंदरहून खाडीपल्याड माणसं न्यायचा. डोंबिवलीच्या अंगाच्या त्या कोळीवाड्याला शाळा पल्याड, दवाखाना पल्याड. रस्त्याने जायचं तर अर्ध्या दिवसाचा वळसा. धक्का दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला, तेव्हापासून लोक चिखलात टाकलेल्या फळीवरून होडीत चढायचे, उतरायचे. माघातल्या जत्रेहून परतताना ती फळी घसरली, उतरणारी माणसं एका अंगाला कोसळली आणि होडी उलटली. चौघं गेली. दामाजीने अकरा जणांना ओढून काढलं. बारावी त्याच्या हाताला लागली ती मनुबाईची बहीण शेवंती, आणि ती गेलेली होती.

हे सगळं मनुबाईने बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं, एकदाही न थांबता. मागणं एवढंच, की धक्का बांधा आणि तो होईपर्यंत तिथे एक दिवा लावा. तासभर तिने मला लिहायला लावलं, मध्ये दोनदा वाचून घेतलं. उठताना म्हणाली, "मी सांगतंव तवढाच लिव हां. तुमची लोकं जास्त लिवतात."

आमचे भाऊ, म्हणजे आमदार केणे, विरोधी बाकावरचे. माणूस भला, फक्त स्वतःच्या आवाजावर जीव. अधिवेशन जवळ आलं की मिठाच्या पाण्याने गुळण्या करत आणि चहाला शिवत नसत. सगळं ऐकून ते म्हणाले, "उत्तम, ह्याच्यावर सरकारला धरू. माणसाला जिवंत घरी पोचायचा हक्क आहे की नाही, एवढंच विचारू."

विधानसभेच्या प्रश्नाचा एक साचा असतो आणि तो मला झोपेतही येत असे. पहिला भाग: अमुक घडलं हे खरं आहे काय. दुसरा: असल्यास शासन काय करीत आहे. तिसरा: या प्रकरणी दोषी असलेल्या व्यक्तींवर कोणती कारवाई करण्यात आली. रस्ता खचू दे, औषधात भेसळ निघू दे, कोठडीत कोणी मरू दे, तिसरा भाग तोच. तो नसला की मला प्रश्न लंगडा वाटे. पहिले दोन भाग मी मनुबाईच्या शब्दांवरून बेतले. तिसरा हाताने आपोआप लिहिला. भाऊंनी सही केली.

माझ्याकडे एक लांब वही होती. भाऊंचा प्रत्येक प्रश्न तीत नोंदलेला: क्रमांक, विषय, सरकारचं उत्तर, आणि शेवटचा रकाना कारवाईचा. तोवर दोनशे बारा प्रश्न झाले होते आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. चौकशी सुरू आहे, माहिती मागवण्यात येत आहे, हे सगळं आधीच्या रकान्यात. माणूस एकही नाही. भाऊ मला चिडवत, की त्या रकान्यात तू बायकोने सांगितलेली भाजी लिहीत जा.

प्रश्न एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागला. मी दोघांचे पास काढले, पण दामाजी आला नाही. उलटलेली होडी डागडुजी करून त्याने पुन्हा पाण्यात घातली होती आणि पोरांच्या परीक्षा चालू होत्या. होडी कोण नेईल, असं विचारून तो मोकळा झाला. मनुबाई एकटीच आली. नवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, आणि भाऊंसाठी पिशवीत सुके बोंबील. विधान भवनाच्या फाटकावरच्या पोलिसाने पिशवी हुंगली आणि ठेवून घेतली.

सकाळीच छापील उत्तरांचा गठ्ठा मिळाला होता. मी उभ्या उभ्या वाचलं. एक: हे अंशतः खरे आहे. दोन: प्रश्न उद्भवत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलेलं, की डोळा त्याच्यावरून घसरला. तीन: कारवाई करण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. दोनशे बारा प्रश्नांनंतर पहिल्यांदा. मनुबाईला म्हणालो, "बाई, कारवाई होतेय. आजच कळेल."

"मी सांगितलं म्हनून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

तिने पदर सारखा केला. प्रेक्षक गॅलरीत बोलायचं नाही, वाकायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी तिला जिन्यातच पढवलं.

भाऊ त्या दिवशी फार चांगले बोलले. चौघांची नावं वयासकट घेतली. ढासळलेल्या धक्क्याबद्दल गावाने केलेल्या सात अर्जांच्या तारखा सांगितल्या. खाडीच्या दोन्ही काठांवर राज्य एकच आहे ना, असं विचारून ते खाली बसले, तेव्हा समोरच्या बाकांवरही चुळबुळ झाली. मग मंत्री उठले. शांत माणूस, चष्मा पुसून बोलणारा.

"अध्यक्ष महाराज, आगरबंदरची होडीसेवा शासनाने सन एकोणीसशे पंच्याऐंशीपासून बंद केलेली आहे. जी सेवा अस्तित्वात नाही, तिच्या धक्क्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि, भाग तीनमध्ये सन्माननीय सदस्यांनी दोषींवर कारवाईची मागणी केली आहे आणि शासन त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. अनधिकृतपणे होडी चालवून चार जणांच्या मृत्यूस कारणीभूत झालेले दामाजी नाखवा यांना आज सकाळी अटक करण्यात आली आहे."

बाकं वाजली. सत्ताधाऱ्यांची तर वाजलीच, आमच्या बाजूचीही दोन-चार वाजली. हातांना सवय असते.

मनुबाईला ती जड मराठी उमगली नाही, पण नवऱ्याचं नाव कळलं आणि बाकं वाजली हेही कळलं. तिने खाली सभागृहाकडे बघून हात जोडले. माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "अकरा जनांना काडला, त्याचा सांगतात ना?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. छापील कागद माझ्या मांडीवर होता आणि मी त्याच्यावर हात पालथा ठेवला, तिला वाचता येत नसतानाही.

खाली भाऊ उभे राहिले होते. तोंड उघडं, आणि आवाज नाही. नऊ वर्षांत मी असं कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी मान वर करून गॅलरीत मला शोधलं. मग म्हणाले, "अध्यक्ष महाराज, त्या होडीतून मी स्वतः गेलेलो आहे. तुमचा तलाठी जातो. मागच्या निवडणुकीच्या मतपेट्या त्याच होडीतून गेल्या."

"मग सदस्यांनाही आत घ्या," समोरून कोणीतरी म्हणालं.

हशा झाला. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. तो गुरांच्या दवाखान्याचा होता.

मनुबाईला मी बाहेर जिन्यात सांगितलं. ती पायरीवर बसली. इथे बसायचं नाही, असं पहारेकऱ्याने सांगितल्यावर उठून उभी राहिली. आम्ही डोंबिवलीची गाडी धरली. वाटेत तिने वेणी कधी काढून टाकली ते मला कळलं नाही.

पाचच्या सुमाराला आम्ही तिघं पोलीस ठाण्यात पोचलो. इन्स्पेक्टरने भाऊंना खुर्ची दिली, चहा मागवला. भाऊंनी तो घेतला नाही. इन्स्पेक्टर अवघडून म्हणाला, "साहेब, माझ्यावर कशाला रागावता? तुमच्याच प्रश्नावर वरून आदेश आलाय." आणि त्याने फाईल उघडून दाखवली. सगळ्यात वर आमच्या प्रश्नाची प्रत होती.

अटकेची हकिकत त्यानेच सांगितली. दोन हवालदार साध्या कपड्यांत होडीत चढले. खाडीच्या मध्यावर त्यांनी नाव विचारलं आणि दामाजीने सांगितलं. पण होडीत परीक्षेची पोरं होती, म्हणून त्याला आधी पल्याड जाऊ दिलं. मग परत यायला दुसरं काही साधन नव्हतं, तेव्हा त्यानेच दोघांना वल्हवत अलीकडे आणलं. हे सांगताना इन्स्पेक्टरला हसू येत होतं. भाऊंचं तोंड बघून त्याने ते गिळलं.

जामीन उद्या, कोर्टात. जामीनदार मी स्वतः राहीन, असं भाऊ म्हणाले. आवाज घोगरा झाला होता.

दामाजी गजांआड भिंतीला टेकून बसला होता. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. मनुबाई गजांशी गेली आणि तिने सकाळपासूनचं सगळं त्यांच्या बोलीत त्याला भराभर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तो कागद वाच ना. मला वाचून दावलाच नाय कोनी."

मी पहिला भाग वाचला. धक्का, फळी, चौघांचा मृत्यू. त्याने मान डोलावली. दुसरा वाचला. धक्का कधी बांधणार, दिवा कधी लावणार. तिथे मी थांबलो.

"अजून एक हाय," मनुबाई म्हणाली. "मंत्री तीन बोललं."

मी वाचलं. "या प्रकरणी दोषी असलेल्या व्यक्तींवर कोणती कारवाई करण्यात आली?"

मनुबाई माझ्याकडे बघत राहिली. "ह्या मी सांगितला नव्हता," ती म्हणाली.

"मी सही केली आहे," भाऊ मागून म्हणाले. "माझं आहे ते."

"नाही," मी म्हणालो. "मी घातलं, दामाजी. मी सगळ्याच प्रश्नांत घालतो."

दामाजी विचारात पडला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो खरंच समजून घेत होता, जशी एखाद्याने त्याला नवी दिशा सांगावी.

"सगल्यांत?"

"हो. दोनशे बारा झाले."

"मंग त्यांच्यात कोन कोन पकडला?"

भाऊंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. इन्स्पेक्टरचं लिहिणं थांबलं होतं.

"कोणीच नाही," मी म्हणालो. "तू पहिला."