राखेतला पाय

भांडण पायाच्या एका ठशावरून सुरू झालं आणि तीन दिवसांत तीन माणसांचं रक्त सांडलं.

करडीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात होळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पहाटे अजून अंगावर शाल लागत होती. दहा वाजले की अंगणातली माती तापायची, दुपारी वारा वावटळ उठवून पळसाची फुलं दारापर्यंत आणून टाकायचा, आणि संध्याकाळी विनाकारण ढग यायचे अन् न बरसता निघून जायचे. शुभांगीला हे दिवस आवडू लागले होते. ती पवनीची. वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. मोहफूल तिनं आजवर बाजारात पाहिलेलं, तेही वाळलेलं, मनुक्यासारखं. झाडाखाली पडलेलं ताजं फूल फिकट पिवळं असतं, दवानं गार असतं आणि दाताखाली फुटलं की तोंडभर गोड रस होतो, हे तिला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. पहिल्या दिवशी तिनं वेचली त्यापेक्षा खाल्ली जास्त, आणि दुपारपर्यंत डोकं जड होऊन पडून राहिली. सासू कौशल्याबाई हसली होती. "पवनीवालीले मोह चढला," असं तिनं शेजारी सांगितलंही होतं.

मोहाचं झाड दोन घरांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होतं. एक शेत कौशल्याबाईचं, दुसरं तिचा दीर गोमाजी याचं. झाड कुणा एकाचं नव्हतं म्हणून पाळी होती. एक दिवस हे घर फुलं वेचणार, दुसऱ्या दिवशी ते. गोमाजी आणि कौशल्याबाईचा वारलेला नवरा या दोघा भावांच्या बापानं लावून दिलेली ही पाळी चाळीस वर्षांत मोडली नव्हती. गोमाजीकडून त्याची बायको रुखमिणी जायची. इकडून दरवर्षी कौशल्याबाई जायची. यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाकायचं नाही आणि धुरात जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून शुभांगी एकटी जाऊ लागली. झाडाखालचा पाला गोळा करून जाळायचा, विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, म्हणजे काळ्या जमिनीवर फूल स्पष्ट दिसतं, एवढं सासूनं शिकवलं होतं.

सोमवारी शुभांगीची पाळी होती. ती साडेपाचला पोचली तेव्हा झाडाखाली मूठभर फुलं होती, तीही चिरडलेली. आणि राखेत एक पाय उमटलेला होता. अनवाणी, पुढून रुंद, टाचेकडे निमुळता, पाचही बोटं जवळजवळ एका रांगेत. बोटांच्या पुढे थोड्या अंतरावर टिंबं होती. ती तिला खड्यांची वाटली. रुखमिणी आयुष्यभर धानाच्या चिखलात अनवाणी राबलेली बाई. तिच्या फताड्या पायांवरून गावात विनोद व्हायचे.

शुभांगीनं रागारागानं खराटा घेतला आणि राख झाडून काढली. उरलेली फुलं तरी स्वच्छ जमिनीवर पडावीत, एवढाच विचार त्या वेळी तिच्या मनात होता.

आठ वाजता नळावर रुखमिणी पाण्याचा पितळी गुंड भरत होती.

"काकू, आमच्या पाळीचा मोह तुमच्या अंगनात वाळून राहिला का?"

रुखमिणीनं नळ बंद केला नाही. "काय म्हन्लं?"

"राखेत पाय उमटला हाय तुमचा. एवढा फताडा पाय गावात दुसऱ्या कोनाचा हाय?"

"ऐका व बायांनो! चार महिन्यांची नवरी माहे पाय मोजून राहिली. पवनीवाली, माह्या पाळीलेबी टोपली अर्धीच भरते. म्या तुह्या नावानं बोंबलली का?"

"म्या डोयानं पायला ठसा."

"मंग चाल, दाखव. सगळ्याच पाहू."

शुभांगी म्हणाली, "झाडून टाकला."

नळावरच्या पाच-सहा बाया एकदम हसल्या. रुखमिणी सगळ्यांत मोठ्यानं हसली. "वा गं माय! चोर पकडला अन् सोडूनबी देल्ला!"

शुभांगीनं भरलेल्या गुंडाला लाथ घातली. गुंड दगडी ओट्यावर आपटून घरंगळत गेला. रुखमिणीनं तिची वेणी धरली आणि तिला ओल्या फरशीवर गुडघ्यांवर आणलं. दोघींच्या बांगड्या फुटल्या. शुभांगीनं तिच्या मनगटाचा चावा घेतला. बायांनी दोघींना ओढून वेगळं केलं, तेव्हा रुखमिणीच्या मुठीत केसांचा झुपका होता, आणि तो तिनं सगळ्यांना दाखवला.

शुभांगीचा नवरा प्रविण संध्याकाळी उन्हाळी धानाला पाणी देऊन परतला. बायकोला गावादेखत केस धरून पाडलं, एवढंच त्यानं ऐकलं. पुढचं ऐकायला तो थांबला नाही.

गोमाजीच्या ओसरीत त्याचा मुलगा चंद्रकुमार मोटरीच्या गुंडाळ्या भरत होता. जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं त्याचं काम, आणि त्याच्या धंद्याचे हेच दिवस; ओळीनं सात मोटरी पडल्या होत्या. आदल्याच दिवशी, रविवारी, त्यानं प्रविणच्या घरचा कूलर माळ्यावरून काढून दिला होता. नवा वाळा भरला होता, जुन्या पंपाला तार गुंडाळून तो चालू केला होता. पहिली गार, ओल्या गवताच्या वासाची झुळूक आली तेव्हा कौशल्याबाई खाटेवरून म्हणाली होती, "आता लागला उन्हाया." पैसे विचारले तर चंद्रकुमार म्हणाला होता, "वयनीच्या हातचं पन्हं पाजा, झालं."

"तुह्या मायले आवर," प्रविण म्हणाला.

चंद्रकुमारनं मान वर केली नाही. "तू तुह्या बायकोले चष्मा आन."

खाली लोखंडी पाना पडलेला होता. प्रविणनं तो उचलला. चंद्रकुमारनं डोकं वाचवायला उजवा हात वर घेतला. पहिला घाव मनगटावर बसला आणि वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दुसरा घाव त्याच हाताच्या बोटांवर बसला. तांब्याची तार रक्तात भिजली. तिसऱ्या वेळी गोमाजीनं मागून प्रविणच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं उंबऱ्यावर कोसळले.

मंगळवारी दुपारी चंद्रकुमार भंडाऱ्याहून प्लास्टर घालून आला. मनगट दोन जागी मोडलं होतं. शेवटची दोन बोटं पुन्हा वाकतील की नाही, हे सहा आठवड्यांनी कळणार होतं.

त्याच संध्याकाळी गोमाजी कौशल्याबाईच्या दारात आला. आत आला नाही. ढग भरून आले होते आणि वारा सुटला होता. प्रविण त्याला पाहून मागच्या दारानं निघून गेला.

"बाई," गोमाजी शुभांगीला म्हणाला, "उद्या मी करडीच्या ठाण्यात जाऊन राहिलो. त्याच्या आंधी एकच इचारतो. तुले दिसला तो पाय रुखमिणीचाच होता?"

"हो, काकाजी."

"सपथ?"

"सपथ."

तो मान हलवून निघून गेला. कौशल्याबाईनं डोळ्यावरची हिरवी पट्टी वर केली आणि सुनेकडे एका डोळ्यानं बराच वेळ पाहिलं. कूलर कुणी लावला नाही.

त्या पायासाठी आता एका माणसाचा हात मोडला होता आणि दुसरा तुरुंगात जाणार होता. तो पाय रुखमिणीचाच असायला हवा होता. शुभांगीनं ठरवलं, बुधवारी आपली पाळी आहे. उजाडायच्या आत जायचं, धुऱ्याआड बसायचं आणि काकूला फुलं वेचताना मोबाईलमध्ये पकडायचं.

बुधवारी पावणेपाचला ती धुऱ्याशी पोचली. हवा गार होती. झाडावरून फुलं गळत होती. अंधारात एकेक फूल टप् करून पडताना ऐकू येत होतं. वास इतका दाट होता की जिभेवर चव येत होती. आणि त्या टप्-टप् आवाजाच्या मधून कुणीतरी दम लागल्यासारखं नाकानं श्वास ओढत होतं.

झाडाखाली काळं काहीतरी वाकलं होतं. रुखमिणीकडे काळी शाल होती.

शुभांगी उठली. मोबाईलचा दिवा लावला आणि ओरडली, "सापडली ना, काकू!"

अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं.

तिला पळायला वेळ मिळाला नाही. अंगावर आलेल्या वजनानं ती धुऱ्याच्या उतारावर उताणी पडली. तिनं डावा हात तोंडावर घेतला. नखं कोपरापासून मनगटापर्यंत उतरली. सडक्या गोड फुलांचा वास तिच्या तोंडावर आला. ती ओरडत होती, पण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

पलीकडच्या बाजूनं कुणीतरी धावत आलं. बांबूची टोपली अस्वलाच्या तोंडावर आपटली, मग काठीचा फटका नाकावर बसला. "छोड! छोड तिले, मुडद्या!" आवाज रुखमिणीचा होता. दुसरा फटका. तिसरा. अस्वलानं शुभांगीला सोडलं, वळलं आणि एका पंजात रुखमिणीच्या डोक्यावरची कातडी कपाळापासून मागे सोलली.

शुभांगीनं धुऱ्यावरचा दगड दोन्ही हातांनी उचलला. डाव्या हातातून रक्त कोपरावरून गळत होतं. तिनं तो अस्वलाच्या मानेवर घातला. पुन्हा उचलला आणि पुन्हा घातला. काकूची काठी घेऊन मोडेपर्यंत मारली. शेवटी अस्वल घशातून ओरडलं, चार पायांवर आलं आणि पळसांतून जंगलाकडे गेलं. सगळं दोन मिनिटांत झालं असेल.

रुखमिणी झाडाला टेकून बसली होती. एक डोळा रक्तानं बुजला होता.

"पाहत काय राहिली? पदर बांध डोक्याले. घट्ट."

शुभांगीनं साडी फाडली आणि बांधली.

"टोपली कायले आनली थे इचारू नको," रुखमिणी म्हणाली. मग स्वतःच बोलली. "म्या आज खरंच चोराले आली होती. सगळ्या गावानं चोर म्हनलं. म्हन्लं, एक दिवस चोरूनच पाहावं. पहिलाच दिवस, अन् थे कायं जनावर तिथं बसलं होतं."

ती हसायला गेली आणि तिची शुद्ध हरपली.

रुखमिणीला गाडीतून भंडाऱ्याला नेलं. ठाण्यात जायला निघालेला गोमाजी तिच्यासोबत तिकडे गेला. शुभांगीच्या हाताला करडीच्या दवाखान्यात सतरा टाके पडले आणि रेबीजची इंजेक्शनं दिली. दुपारी ती झाडापाशी परतली, कारण वनरक्षक पंचनाम्याला आली होती. रिता नावाची तरुण बाई, हातात टेप, खिशात वही. ऊन कडक होतं. प्रविण झाडापासून लांब उभा होता. चंद्रकुमार गळ्यात हात अडकवून धुऱ्यावर बसला होता.

"दोन घरच्या दोन बाया अंधारात इथं कायले आल्या होत्या?" रितानं विचारलं.

शुभांगीनं एकदा चंद्रकुमारकडे पाहिलं. "मोह वेचाले. दोघी मिळून."

रितानं लिहून घेतलं. मग ती राखेत वाकली आणि टेप लावली. "हा मागचा पाय. पाहा, माणसाच्या पायासारखाच दिसते. नवीन माणूस फसते. पन हे समोरचे टिंब पाहा, नखांचे."

शुभांगी पुढे झाली. पुढून रुंद, टाचेकडे निमुळता, पाच बोटं एका रांगेत, आणि पुढे टिंबं.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ठसा तिनं एकटीनंच पाहिला होता आणि तिनंच झाडला होता.

"हाच," ती म्हणाली. "सोमवारी म्या पायला थो हाच होता. काकूचा नव्हता."

प्रविण मटकन खाली बसला. चंद्रकुमारनं प्लास्टरमधून बाहेर आलेल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

"झाडला नसता," तो सावकाश म्हणाला, "तं माह्या बापानं एका नजरेत वळखला असता."

तो उठला आणि घरी गेला.

गुरुवारी रुखमिणीची पाळी होती. रुखमिणी भंडाऱ्याला, गोमाजी तिच्यापाशी, चंद्रकुमारचा हात निकामी. फुलं मात्र ठरल्या वेळी गळणारच होती. चांगलं उजाडल्यावर शुभांगी निघाली. प्रविण तिच्यापुढे पत्र्याचा डबा बडवत चालला. तिनं एका हातानं वेचलं. एका हातानं टोपली भरायला तिला साडेआठ वाजले. त्या सकाळी तिनं एकही फूल तोंडात टाकलं नाही.

गोमाजीच्या अंगणात तिनं टोपली ठेवली. प्रविण फाटकाबाहेर थांबला. चंद्रकुमार ओसरीत डाव्या हातानं चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, पायऱ्या उतरला आणि टोपलीला लाथ घातली. फुलं अंगणभर उडाली. त्यानं त्यांच्यावर पाय दिला, टाच फिरवली, आणखी एक पाऊल पुढे टाकलं. रस फुटून शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओले डाग पडले. फाटकाशी प्रविणनं डबा खाली ठेवला, पण तो आत आला नाही.

शुभांगी खाली बसली. टोपली सरळ केली आणि झाडाखाली वेचतात तशी एकेक फूल उचलू लागली. चिरडलेली बाजूला, धड असलेली टोपलीत. चंद्रकुमारच्या पायाशी आली तेव्हा थांबली. त्यानं पाय उचलला नाही. ती वळसा घालून पुढे गेली.

ऊन भिंतीवरून खाली अंगणात उतरलं. ती सावलीच्या कोपऱ्यात पोतं अंथरून फुलं पसरू लागली.

"तिथं नोको," चंद्रकुमार म्हणाला. "उन्हात टाक. सावलीत सडते थे."

तिनं पोतं एका हातानं ओढत उन्हात नेलं.