हिरुकावाचा ताठ शिक्का

हे बघा, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर हजार सुया गिळीन, त्याही तुमच्यासमोर. हसू नका रे.

लग्नाआधी मी ओकायामात घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत होते. काम काय, तर टायपिंग आणि सगळ्यांचा चहा. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं, "प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं छप्पर." आमचे शाखाप्रमुख ओरिकासासाहेब ते एवढ्या जोरात म्हणायचे, की समोरच्या मासेवाल्याच्या टोपलीतले मेलेले मासे उडी मारायचे. या डोळ्यांनी पाहिलंय मी.

तिथे एक रीत होती. कुठल्याही कागदावर सहीऐवजी सगळ्यांच्या नावाचे शिक्के ओळीने लागायचे. डावीकडे मोठा साहेब, मग उतरत्या पायरीने बाकीचे. साहेबाचा शिक्का ताठ. आपला मात्र त्याच्याकडे कललेला हवा, म्हणजे कागदावरसुद्धा आपण वाकून उभे. जितका माणूस लहान तितका जास्त कललेला. माझा तर निजलेलाच असायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि विचारलंत तर असं काही नाहीच म्हणून सांगायचे.

आमच्यात हिरुकावा म्हणून एक कारकून होता. बारा वर्षं मान खाली घालून काम केलं त्याने. मग आमच्याच कंपनीचं पस्तीस वर्षांचं कर्ज काढून घर बांधलं. दारात पीचचं रोप लावलं. त्याची लेक चिझुरू पायमोज्यांवर घरभर घसरत फिरायची. आई अंथरुणाला खिळलेली, तिला उन्हाची खोली दिली.

आणि नव्या चटयांचा वास गेला नाही तोच बदली आली. कुशिरोला. पार उत्तरेच्या टोकाला, जिथे उन्हाळ्यातही धुकं. घर घेतलेला माणूस नोकरी सोडत नाही, हे सगळ्याच कंपन्यांना ठाऊक असतं. मग त्यालाच पाठवतात लांब. इथे तर मालकही तेच आणि सावकारही तेच.

विभागाचे माकिनोसाहेब त्याला म्हणाले, "अभिनंदन, हिरुकावा. कुशिरोचे खेकडे फार गोड असतात म्हणे."

"साहेब, आईला हलवता येत नाही. बायकोला एकटीला जमायचं नाही."

"आता स्वतःचं घर आहे ना? मग कसली काळजी? घर कुठे पळून जातंय?"

"घर नाही साहेब, मी जातोय."

"मग तसं लिहून द्या. आपल्याकडे कुणावर जबरदस्ती नसते."

त्याने लिहिलं, मी टाइप केलं. 'इथेच राहू द्यावं ही विनंती.' शिक्का हातात घेऊन तो माझ्यापाशी आला. "तोशिएसान, वाकून 'नाही' म्हटलं तर त्यांना 'हो' वाटेल. ताठ मारू?"

"मारा की," मी म्हटलं.

पण बारा वर्षांची सवय. हात आपोआप कलायचा. पावाच्या कागदावर सराव केला बिचाऱ्याने, मग श्वास रोखून मारला. खांबासारखा ताठ. कात्री मागायच्या निमित्ताने सगळं ऑफिस येऊन बघून गेलं. म्हातारे मियाके म्हणाले, "हा तर साहेबांपेक्षा ताठ उभाय. जप हो, वारा लागेल."

कागद ओरिकासासाहेबांच्या टेबलावर गेला. मी चहा ठेवायला गेले आणि काय बघते, तर शिक्का हळूहळू कलायला लागलेला. आपला आपण. साहेब नुसते त्याच्याकडे बघतायत. चहा निवेपर्यंत तो पुरता वाकला.

"विनंती वाचली," साहेब माकिनोंना म्हणाले. "पण शिक्का समजूतदार आहे. जाईल तो."

"होय साहेब," माकिनो म्हणाले.

एप्रिलमध्ये स्टेशनवर आम्ही हात उंचावून त्याचा तीनदा जयजयकार केला. रीतच तशी. आपले बाबा का चाललेत हे ठाऊक नसलेल्या चिझुरूनेही हात वर केले.

बरं, एवढं एक मी रचलं. शिक्का आपला आपण नाही कलला. साहेबांनी कागद तसाच परत पाठवला, एक शब्दही न लिहिता. दिवसभर तो हिरुकावाच्या टेबलावर पडून होता आणि आम्ही कुणीच तिकडे बघत नव्हतो. संध्याकाळी त्याने माझ्याकडून तोच मजकूर पुन्हा टाइप करून घेतला आणि खाली शिक्का मारला. चांगला वाकवून.

"निदान वाचतील तरी," म्हणाला.