हिच्या नावाची अकरा पाकिटं

घर हातचं जातंय हे मला मंगळवारी सकाळी दूधवाल्याकडून कळलं. मी दार उघडलं तेव्हा तो दारावर चिकटवलेला कागद वाचत उभा होता. "मास्तर, हे तुमचंच ना?" म्हणाला, मग जीभ चावली आणि दूध न देताच जिना उतरून गेला.

कागद बँकेचा होता. सात महिने कर्जाचा हप्ता आला नाही, म्हणून एकवीस दिवसांनी घराचा लिलाव. ही जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

हप्ता हिच्या खात्यातून कापला जायचा. कर्ज दोघांच्या नावावर, पण कागदांवर पहिलं नाव हिचं. मी दर पहिल्या तारखेला तिच्या खात्यात पैसे भरायचो आणि ती गेल्यावरही भरत राहिलो. मग हप्ते थकले कसे, ते मला कळेना. मुलीला फोन केला.

"बाबा, बँकेची पत्रं नाही आली?"

"आली की."

"काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत? तुझ्या आईच्या नावाची होती."

आमच्या घरात दुसऱ्याच्या नावाचं पाकीट कुणी उघडत नसे. हा हिचाच नियम. मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या मैत्रिणीचं पत्र मी फोडलं, तर ही माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. म्हणून आलेलं पाकीट मी तिच्या कपाटात ठेवत गेलो. अकरा झाली होती.

"बाबा, आजच वकील बघा," मुलगी म्हणाली. "आणि गावातलाच बघा. लांबच्याची वेळ मिळेपर्यंत घर जाईल."

आता वकिलांना माझ्याकडे तोटा नाही. कोर्टामागच्या गल्लीत एकतीस वर्षं मी वकिलांचे काळे कोट शिवतोय. अर्ध्या कोर्टाशी ओळख आहे, पण ती खांदा, छाती आणि बाहीची. कोण खटला चांगला चालवतो हे मी कधी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

म्हणून शिंप्यानं जे करावं तेच मी केलं. ज्याचा कोट सगळ्यात छान बसतो, त्याच्याकडे गेलो.

मला बघताच त्यानं दोन्ही हात वर केले. "या मास्तर, बरं झालं आलात. दंडात जरा घट्ट होतोय."

मी टेप आणलेली नाही म्हटल्यावर त्यानं हात खाली घेतले. सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा फोनही घेतला. मग म्हणाला, "बँकेशी कशाला वाकड्यात शिरता? भाड्यानं एखादी खोली बघा. एकट्या माणसाला जागा ती किती लागते!"

मी त्याच्या कोपराकडे बघत होतो. सहा वर्षांचा कोट, पण कोपर नव्यासारखा. टेबलावर वाकून लिहिणाऱ्याचा कोपर वर्षभरात चकाकायला लागतो. हा कोट दर वर्षी इस्त्रीला यायचा आणि मी अकलेचा कांदा, आपलं काम किती टिकाऊ म्हणून खूश व्हायचो.

दुकानात येऊन दुरुस्तीला आलेले कोट पुन्हा बघितले. एकाचा आतला खिसा चौथ्यांदा उसवला होता, कोपर तर आरशासारखे. हा झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसणाऱ्या वकीलबाईंचा. मी त्यांना नेहमी टोचून बोलायचो, "मॅडम, हा कोट आहे, हमालाची पिशवी नाही." त्या म्हणायच्या, "मग खिसा पिशवीच्या कापडाचा लावा."

खिसा शिवला आणि कोट, घरची पाकिटं व बँकेचे कागद घेऊन त्यांच्याकडे वर गेलो.

"किती झाले, मास्तर?" त्या खुर्चीवरच्या फायली उचलत म्हणाल्या.

"ते राहू द्या. आज गिऱ्हाईक मी आहे."

त्यांनी पाकिटं उलटसुलट केली. "एकही उघडलं नाही?"

"हिच्या नावाची आहेत."

त्या हसल्या नाहीत. "मी उघडू?"

मी खिशातली कात्री त्यांच्यापुढे ठेवली.

अकराही पत्रं त्यांनी तारखेप्रमाणे लावून वाचली. "त्या गेल्याचं बँकेत कळवलं होतं?"

"पंधरा दिवसांच्या आत. दाखला मी स्वतः नेऊन दिला."

"पोच घेतली?"

"मॅडम, मी चिठ्ठीशिवाय कुणाची विजारसुद्धा घेत नाही."

दाखल्याच्या नकलेवर मी शिक्का मारून घेतला होता. खिडकीवरचा मुलगा तेव्हा वैतागला होता, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं होतं, आहे, पण शिक्का मार.

ती नक्कल बघून बाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे एका टेबलानं दाखला घेऊन खातं गोठवलं. तुम्ही भरलेले पैसे आत पडून राहिले, हप्ता काही निघाला नाही. आणि दुसरं टेबल मेलेल्या बाईला पत्रं पाठवत बसलं." मग आवाज खाली आणला. "माफ करा, बोलून गेले."

"बोला. खरंच आहे ते."

"कर्जात तुमचंही नाव आहे आणि तुम्हाला एकही पत्र नाही. यावर लिलाव थांबवा असं मागता येईल. घर वाचेलच असं मी म्हणणार नाही. जो म्हणेल त्याच्या वाटेला जाऊ नका."

"फी?"

"घेणार. आणि कोटाच्या शिलाईत वळती करायची नाही, सांगून ठेवते."

नवव्या दिवशी सुनावणी झाली. एकतीस वर्षं कोर्टामागे बसून मी आत पहिल्यांदाच गेलो. बँकेच्या वकिलाचा कोटही माझाच निघाला. त्याची डावी बाही अर्धं बोट लांब राहिली होती. मी त्याचं बोलणं ऐकायचं सोडून त्या बाहीकडेच बघत बसलो, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला सांगता येणार नाही. आमच्या बाई थोडंच बोलल्या, शिक्क्याची नक्कल पुढे केली आणि खाली बसल्या.

न्यायाधीशांनी पुढच्या तारखेपर्यंत लिलाव थांबवला. तोवर हिचं खातं बंद करून त्यातले पैसे वारसांनी कर्जात भरावेत, मग बघू, असं सांगितलं.

जिन्यात बाईंनी हिचं खातं बंद करायचा बँकेचा अर्ज माझ्या हातात दिला. "तुमची आणि मुलीची सही. सोमवारपर्यंत बँकेत. हे चुकलं तर मला पुढे बोलायला तोंड राहणार नाही."

मुलगी रविवारी येऊन सही करून गेली. जाताना "बाबा, उद्या सोमवार," एवढंच म्हणाली. अर्जात वर हिचं नाव आहे आणि त्याच्याआधी 'मयत' छापलं आहे. त्याच्याखाली माझी सही हवी आहे.

लिलाव थांबला आहे, रद्द झालेला नाही. बँक सकाळी दहाला उघडते. मी अजून सही केलेली नाही.