इटियाडोहवरचा ढग

दुर्गेश्वरी पटले गोंदियाच्या एका कॉलेजात हवामानाच्या मॉडेलवर पीएचडी करत होती. गेल्या श्रावणात इटियाडोह धरणाच्या आसपास एका दुपारी धो धो पाऊस कोसळला होता. तोच दिवस कॉम्प्युटरवर पुन्हा उभा करायचा, हे तिचं काम. पण मॉडेल काही केल्या धरणावर चार थेंबांपुढे जाईना.

दोष नजिंगचा आहे, असं तिला वाटत होतं. मॉडेल भरकटू नये म्हणून त्याला जगभरच्या नोंदींच्या नकाशाकडे सारखं थोडं थोडं ओढत राहायचं, ते नजिंग. ती ओढ एवढी घट्ट होती, की चार गावांपुरता ढग आकार घेण्याआधीच पुसला जाई.

"ओढ ढिली करून पाहू का, सर?"

लीलाधर सर तिचे गाइड. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते, काम आवरून जावं एवढंच त्यांच्या मनात होतं. "आता कायले रिस्क घेतेस? आहे तसं लिहून टाक."

तिनं ऐकलं नाही. ओढ पार काढून टाकली आणि रन लावला. सकाळी येऊन पाहते तर पाऊस जोरदार, पण सगळा बालाघाटकडे! कमी दाबाचा पट्टाच उत्तरेला सरकला होता. तिचं तोंड एवढंसं झालं.

सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून नकाशासमोर बसले, एकेका तासाचा नकाशा पुढे सरकवत पाहू लागले.

"ढग तर बनला ना," शेवटी ते म्हणाले. "पण सगळंच कायले सोडून दिलं?"

"मग हवेच्या खालच्या थरात ओढ नको. फक्त वर ठेवू?"

"आणि वरही वाऱ्याच्या शेकडो किलोमीटर पसरलेल्या मोठ्या लाटाच धरू. चार गावांपुरत्या बारक्या मोकळ्या राहू दे."

हे तिला सुचलंच नव्हतं. दोघांनी मिळून आकडे बदलले. दुसऱ्या दिवशी इटियाडोहवर ढग जमला आणि बरसला. खऱ्या पावसापेक्षा कमी आणि उशिरा, पण जागा अचूक.

"एका दिवसावर भरोसा नको," सर म्हणाले. "पावसाचे आणखी दिवस काढ. निवृत्तीनंतरही मी येत जाईन."

दुपारी तिनं नवेगाव बांधला आईला फोन लावला. या रविवारी येणं जमणार नव्हतं.

"काऊन वो," रामकलीबाईंनी विचारलं, "पानी पडला का तुया कम्प्युटरात?"

"पडला, माय," ती हसत म्हणाली. "जरासा उशिरा पडला."