न्हाव्याची काठी आणि कालव्याची दारं

मित्रांनो, माणूस दोन पायांवर उभा राहिला म्हणून थोर झाला, असं तुम्हाला शिकवतात. साफ खोटं. माणूस उभा आहे तो माझ्यामुळे. मी नसते तर ही सगळी मानवजात केव्हाच तोंडघशी पडली असती.

मी एक जुनी काठी आहे. माझ्या टोकाची लोखंडी टोपी सैल झाली आहे, मुठीवर कुत्र्याचे दात उमटले आहेत आणि सध्या मी स्वतःच भिंतीला टेकून उभी आहे.

सुताराने मला तोडलं, तासलं, धगीवर धरून माझी मूठ वाकवली आणि एका न्हाव्याच्या हातात दिली. "मोडली तर तंगडीसकट परत आण," असं त्याने बजावलं. न्हाव्याचा डावा पाय अधू होता. जीभ मात्र दोन माणसांना पुरेल इतकी धडधाकट. लोक त्याला 'बोलका वस्तरा' म्हणत. एका हातात पेटी, एका हातात मी, असे आम्ही कालव्याच्या काठाने गावोगाव हिंडत असू. कुणाच्या ओट्यावर दाढी, कुणाच्या गोठ्यात हजामत. लोक त्याचं कौतुक करत, माझं कुणी करत नसे. मला दाराशी उभं करून ठेवत. कुत्र्याचा प्रसंग तिथलाच.

आता कालव्याची एक रीत सांगते. प्रत्येक गावाशी कालव्याला लोखंडी दार आहे आणि चाक फिरवून ते उचलायला एक दारवाला आहे. वाहत आलेला कचरा काढायला त्याच्याकडे लांब बांबूची आकडी असते. कधी कधी कचऱ्याऐवजी माणूस येतो. ज्या गावात सापडला, त्या गावाची चौकशी होते. सगळ्यांना चौकीत बसवतात, दाराला कुलूप लागतं, शेतं वाळतात. म्हणून दारवाले दार थोडं उचलतात आणि आकडीने त्याला पुढच्या गावाकडे ढकलतात. ढकलताना मान वळवायची, चेहरा बघायचा नाही. बघितला की ओळखायची भीती. दुष्टपणा नव्हता हो. सवय होती.

आमच्या गावचा दारवाला न्हाव्याचा सख्खा धाकटा भाऊ. दर आठवड्याला थोरला त्याच्यापुढे मान करून बसे. न्हाव्याला स्वतःच्या मानेमागचे केस दिसत नाहीत ना. धाकटा वस्तरा चालवी आणि हमखास कानामागे कापे.

"अरे, दार उचलतोयस का माझी कातडी?" थोरला ओरडे.

"हलू नकोस दादा. बोलतोस म्हणून लागतं."

एका संध्याकाळी, गावाच्या जरा वरच्या अंगाला, न्हावी साबणाची वाटी विसळायला कालव्याच्या पायऱ्या उतरला. मला वर दगडाला टेकवलं. पायरीवर शेवाळ होतं. वाटी वाजली, मग पाणी वाजलं. काठीला हाक मारता येत नाही. मी तिथेच उभी राहिले.

तो कधीमधी गिऱ्हाइकाकडेच मुक्काम करी, त्यामुळे घरी कुणी वाट बघितली नाही. सकाळी उशिरा मी एका गवळ्याला सापडले. त्याने मला न्हाव्याच्या बायकोकडे दिलं आणि ती मला घेऊन दारावर आली.

"भावजी, काठी सापडली. माणूस नाही."

धाकटा चाकाला तेल घालत होता. त्याने मला हातात घेतलं आणि तेलाचा डबा बाजूला ठेवायचा तर चुकून पाण्यातच सोडला.

"मी बघून येतो, वहिनी," तो म्हणाला. "तू घरी जा."

एकट्याने चालणारा माणूस काठीशी बोलतो. कालव्याच्या बांधावरून चालता चालता तो मला म्हणाला, "आज पहाटे धुकं होतं. मी एक ढकललं. बघितलं नाही मी. तू होतीस ना त्याच्याबरोबर? सांग ना, तो नव्हता म्हणून."

मी काय सांगणार? मी त्याचं वजन घेतलं. त्या दिवशी ते फार होतं.

पुढच्या गावात वाणी दुकानाच्या पायरीवर दाढी खाजवत बसला होता. "तुझा भाऊ कुठंय? आज यायचा होता. शब्दाचा पक्का माणूस, पहिल्यांदाच खाडा केलान. भेटला की आधी इकडे पाठव हं!"

धाकटा तिथून त्या गावच्या दारावर गेला. तिथला दारवाला त्याला बघून हसला.

"आज सकाळी एक आलं होतं ना तुझ्याकडे?" धाकट्याने विचारलं.

"तूच पाठवतोस आणि मलाच विचारतोस?"

"चेहरा बघितलास?"

"चेहरा कोण बघतं?" तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या मुठीवर गेली, कुत्र्याच्या दातांवर. ही मूठ साऱ्या कालव्याच्या ओळखीची. त्याचं हसू तोंडातच राहिलं. "तू... तू बघितलास का?"

धाकटा पुढे निघाला. तिसऱ्या गावात तर आम्हाला बघताच दारवाला खोपीत शिरला आणि आतून कडी घातली.

दिवस मावळायला आम्ही शेवटच्या दाराशी पोचलो. त्यापुढे कालवा संपतो, पाणी शेतात पसरतं. तिथली दारवाली म्हातारी होती. तिच्या खोपीशेजारी पोत्याखाली कुणीतरी झोपलं होतं.

"काढलंस तू, मावशी?" धाकट्याने विचारलं.

"न काढून करू काय? पुढे गाव असतं तर मीही ढकललं असतं."

तिने पोतं बाजूला केलं. धाकट्याने आधी मान वळवली. सवय. मग माझ्यावर दोन्ही हात टेकून हळूहळू खाली बसला आणि बघितलं. कानामागे जुन्या कापांच्या बारीक रेघा होत्या. खांद्यावर आकडीच्या ताज्या खुणा होत्या. पहिली कुणाची, हे मावशीला सांगावं लागलं नाही.

"पहाटे पाण्यात होता तेव्हा जीव होता का गं त्याच्यात?" त्याने विचारलं.

"नसेल," म्हातारी म्हणाली. आणि पोतं पुन्हा ओढून घेत, "बघितलं असतंस तर कळलं असतं."

मित्रांनो, तेव्हापासून मी धाकट्याकडे आहे. आकडी त्याने मोडून चुलीत घातली. आता काही वाहत आलं की तो माझी वाकडी मूठ त्यात अडकवतो आणि काठावर ओढतो. चेहरा बघतो. मग चौकीत जाऊन बसतो. गाव त्याच्याशी बोलत नाही. वहिनीही बोलत नाही; त्याने तिला सगळं सांगितलं. त्याच्या मानेमागचे केस वाढले आहेत, कापणारं कुणी नाही.

तुमच्या दाराशी काही वाहत आलं, तर मान वळवू नका. एवढंच शिकवायचं होतं, आणि हे एका काठीने शिकवावं लागतं.

बरं, निघालातच आहात, तर माझ्या टोपीत एक खिळा ठोकून जाता का? ओल्या पायरीवर मी घसरते.